दवाखान्याचं छत दर पावसाळ्यात त्याच जागी का गळतं (आणि ते एकदाचं थांबवायचं कसं)

मृग लागला की माझ्या फोनवर तेच फोटो यायला लागतात. लेबर रूमच्या छताला पिवळट डाग, खाली निळी बादली, बादलीत एक फडकं टाकलेलं म्हणजे रात्री टपटप आवाज येऊ नये (ही सिस्टर लोकांची आयडिया), आणि खाली मेसेज, "साहेब मागच्याच वर्षी वॉटरप्रूफिंग झालं होतं, परत सुरू झालं". मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली, त्यातली निम्मी कोकणात, आता रिटायर आहे, पण दवाखान्यातले ओळखीचे डॉक्टर, क्लार्क अजून विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसतो म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. वैद्यकीय अधीक्षक, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर, हेडक्लार्क, रुग्ण कल्याण समितीवरचे मेंबर, यांच्यासाठी आहे हे. इंजिनीअर लोकांनी वाचलं तर हसू नका, तुम्हाला सगळं माहीत आहे, पण तुम्ही गच्चीवर जात नाही हा प्रॉब्लेम आहे.

आधी एक उदाहरण सांगतो, गावाचं नाव नाही सांगत. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. बरोबर लेबर रूमवर गळायचं. पहिल्या वर्षी खालून छत खरवडून वॉटरप्रूफ पेंट मारला. दुसऱ्या वर्षी गच्चीवर त्या डागाच्या वरची जागा अंदाजाने धरून दहा बाय दहाचा तुकडा फोडला, केमिकल ओतलं, परत बुजवला. तिसऱ्या वर्षी निधी आला तर सगळ्या जुन्या कोब्यावर (गच्चीवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) नवीन कोबा. चौथ्या वर्षी परत बादली. तेव्हा मला तिथला चार्ज मिळाला होता. गच्चीवर जायला निघालो तर दाराला कुलूप आणि चावी कोणाकडे आहे हे शोधण्यात पाऊण तास गेला, शेवटी सफाईवाल्या मावशींच्या कमरेला सापडली. वर बघतो तर मोडक्या खाटा, सलाईनचे स्टँड, गंजलेली कपाटं, एक चाक गेलेल्या ट्रॉल्या, सगळं कोपऱ्यात रचलेलं. निर्लेखन (मोडकं सामान सरकारी नोंदीतून कमी करणं) झालेलं नाही म्हणून भंगारात देता येत नाही, आणि खाली जागा नाही, म्हणून वर. कायाकल्पच्या (सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेची योजना) तपासणीत पहिल्याच भागात भंगार हटवण्याचा वेगळा मुद्दा आहे, टीम यायच्या आदल्या दिवशी खालचं भंगार हटतं आणि ते हटून जातं कुठे तर गच्चीवर, कारण तपासणीवाले जिना चढून वर येतील असं कोणालाच वाटत नाही.

त्या ढिगाच्या मागे पावसाळी पाईपचं तोंड होतं. त्यात कापूस, पानं, ग्लोव्हज, कबुतराची पिसं, सगळं मिळून पक्कं बूच बसलेलं. चार बोटं पाणी साठलेलं आणि त्या पाण्यात सोलर वॉटर हीटरच्या स्टँडचे पाय उभे, त्यांचे अँकर बोल्ट कोबा फोडून थेट स्लॅबमध्ये गेलेले. लेबर रूमपासून हा कोपरा अठरा-वीस फूट लांब होता. माझ्यासोबत तिथलाच एक जुना गवंडी होता, त्याने खाली बसून बोल्टाभोवती बोट फिरवलं आणि म्हणाला, "सायेब, पाणी थयसून हयसर येता." म्हणजे तिथून इथे येतं.

एवढंच आहे खरं तर. तीन वर्षं तीन दुरुस्त्या झाल्या, दोन डाग दिसतो तिथे आणि तिसरी सगळ्यावर थर टाकून, पण पाणी शिरतं ती जागा कोणीच शोधली नाही. कोब्यातून पाणी आत गेलं की ते लगेच खाली पडत नाही, कोबा आणि स्लॅब यांच्या मधे पसरतं, ढाळ असेल तिकडे सरकतं आणि जिथे वाट मिळेल तिथे खाली उतरतं. आणि आपल्या स्लॅबमध्ये वाट म्हणजे काय, तर लाईटचे पाईप. ओतकामाच्या वेळी स्लॅबमध्ये टाकलेला वायरिंगचा पाईप म्हणजे पाण्यासाठी तयार पन्हाळच. म्हणून बघा, बहुतेक ठिकाणी पाणी पंख्याच्या हुकाजवळ नाहीतर ट्यूबच्या पॉइंटमधून टपकतं आणि लोकं म्हणतात हुकापाशी तडा गेलाय.

तर आता पहिलं काम. पाऊस चालू असताना दुरुस्ती करता येत नाही, पण पाणी कुठून येतंय हे पावसातच कळतं, आणि नेमकं तेव्हा आपण फक्त बादली ठेवतो. एक साधी वही करा. गळण्याची जागा, तारीख, पाऊस किती वाजता सुरू झाला, गळायला किती वाजता लागलं, पाऊस थांबल्यावर किती वेळ चालू राहिलं. नाईट ड्युटीच्या सिस्टरना सांगितलं तर त्या लिहितात, पेशंटच्या टीपीआरचा (ताप, नाडी, श्वास) चार्ट लिहितातच ना, त्याच सवयीने.

या वेळांवरून निम्मं निदान होतं. पाऊस सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत धार लागली आणि पाऊस थांबल्यावर ती पण लगेच थांबली तर पाण्याला सरळ रस्ता आहे, म्हणजे आरपार तडा, पाईप स्लॅबमधून जातो तिथला सांधा, किंवा जुन्या-नव्या इमारतीच्या मधला जॉइंट. पाऊस सुरू होऊन एक-दोन दिवसांनी गळायला लागलं आणि उघडीप पडल्यावर पण तीन-चार दिवस टपकतंच राहिलं तर कोब्याच्या पोटात पाणी भरलंय, कोबा स्पंजसारखा झालाय, तिथे वरून कितीही केमिकल फासा काही होत नाही कारण पाणी आधीच आत आहे. वारा असलेल्या पावसातच गळतं आणि सरळ पावसात गळत नाही, तर गच्चीला विनाकारण शिव्या देऊ नका, पाणी भिंतीतून, पॅरापेटमधून (गच्चीच्या कठड्यातून) नाहीतर खिडकीच्या छज्ज्यावरून येतंय. मार्च महिन्यात पण ओल आहे, तर पावसाचा संबंधच नाही, वरच्या मजल्यावरचं संडास-बाथरूम तपासा. रोज सकाळी ठरावीक वेळेला ओल वाढते तर टाकी भरायची वेळ बघा, बॉल व्हॉल्व गेलेला असतो आणि ओव्हरफ्लोचं पाणी गच्चीवर पडत असतं, एका ठिकाणी तर हे दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) एसी चालू असतानाच छतावर थेंब जमतात, तर ती गळती नसून हवेतली वाफ गार पृष्ठभागावर जमतेय असं पण असू शकतं. शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा छताला चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला असेल तर ती वाफ, प्लास्टिक आणि छत यांच्या मधे असेल तर आतून झिरपतंय. एक रुपया खर्च नाही. एसीच्या पाण्याचा निचऱ्याचा पाईप पण बघून घ्या, तो बऱ्याच वेळा फॉल्स सीलिंगच्या वर अर्धवट सोडलेला असतो.

फॉल्स सीलिंगचं निघालंच म्हणून सांगतो. गळणाऱ्या छताखाली डाग लपवायला पीओपीचं सीलिंग करणं हा सगळ्यात वाईट उपाय. पाणी वर साठत राहतं, बुरशी वाढते, आणि एक दिवस ओला झालेला अख्खा तुकडा खाली येतो. ओटीच्या वर बुरशी म्हणजे काय हे डॉक्टर लोकांना मी सांगायला नको, फॉगिंग करा, स्वॅब पाठवा, परत कल्चर पॉझिटिव्ह, मग ओटी बंद, सिझेरियनची बाई रेफर. चाळीस-पन्नास किलोमीटर, घाटातून, पावसात. गळतीचा खरा खर्च हा आहे, तो अंदाजपत्रकात कुठे दिसत नाही.

आता गच्ची. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोणीतरी वर गेलंच पाहिजे, आणि त्या माणसाचं नाव ठरलेलं पाहिजे. "सफाई कर्मचारी बघतील" असं नाही चालत. पहिलं बघायचं ते पाईपची तोंडं. मी तर म्हणेन गळतीच्या दहातल्या पाच-सहा तक्रारी इथेच मिटतात, हा माझा अनुभव आहे, कुठला सर्व्हे नाही. हिशोब बघा ना, राष्ट्रीय इमारत संहितेतल्या तक्त्याप्रमाणे तासाला १०० मिलिमीटरच्या दराने पाऊस पडत असेल तर १०० मिलिमीटर व्यासाचा म्हणजे चार इंची पाईप साधारण ४३ चौरस मीटर गच्चीचं पाणी नेऊ शकतो. साडेतीनशे चौरस मीटरची गच्ची असेल तर असे आठ-नऊ पाईप लागतातच. आपल्याकडे कागदावरच पाच असतात, त्यातला एक नवीन रॅम्प बांधताना खाली बंद झालेला असतो, एक भंगाराखाली, एकाचं तोंड नवीन कोबा करताना गवंड्याने अर्धं बुजवलेलं, उरले दोन. कोकणात तासाला १०० मिलिमीटर काही दिवसभर पडत नाही, पण अर्धा तास त्या जोराने पडतो, आणि तेवढा पुरतो.

तोंडावर जाळी बसवा पण सपाट जाळी नको, ती एका पानाने झाकली जाते. घुमटासारखी उभी जाळी मिळते ती. नाही मिळाली तर वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या.

मग पॅरापेट आणि गच्ची जिथे मिळतात तिथला वाटा बघा, म्हणजे तो गोलसर सिमेंटचा कोपरा. तिथे केसाएवढी फट पडली की पाणी भिंतीच्या पोटातून खाली जातं. पिंपळ. पिंपळाचं रोप आपण दरवर्षी वरून तोडतो आणि खूश होतो, मूळ आतच असतं, ते दरवर्षी जाड होतं आणि भिंत फोडत जातं. मूळ छिन्नीने पूर्ण काढून, पोकळीत मूळ मारायचं औषध घालून, नीट भरून घ्या. लोकं पिंपळ तोडायला घाबरतात, गवंडी पण हात लावत नाही कधीकधी, तर मग रोप वीतभर असतानाच मुळासकट उपटून खाली आवारात लावा, कोणाचं मन पण दुखत नाही.

आणि गच्चीवर भोकं कोणी कोणी पाडली त्याची यादी करा. सोलर हीटर, सोलर पॅनेल, एसीची बाहेरची युनिटं, डिश, वीज पडू नये म्हणून लावलेली दांडी, पाट्यांचे अँगल. यातलं एक पण काम बांधकामवाल्यांनी केलेलं नसतं, प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, कोणी ड्रिल मशीन घेऊन येतो आणि तीन वर्षांची वॉटरप्रूफिंगची मेहनत दहा मिनिटांत संपवतो. नियम एकच करा, गच्चीवर ड्रिल चालवायचं नाही. स्टँड ठेवायचा तर सिमेंटचे ठोकळे ओतून कोब्यावर नुसते ठेवायचे आणि त्यावर बोल्ट. वाऱ्याने हलू नये एवढं वजन ठोकळ्याला पाहिजे, ते सोलरवाल्याकडून काढून घ्या, लेखी.

पाऊस गेला, दिवाळीच्या आधी आकाश मोकळं झालं की पाण्याची टेस्ट. हे करायचं कंटाळा न करता. पाईपची तोंडं पोत्याने आणि मातीने बंद करायची, गच्चीचे मातीचे छोटे बांध घालून भाग पाडायचे, एका वेळी एकाच भागात दोन इंच पाणी भरायचं आणि दोन-तीन दिवस ठेवायचं. पाणी कुठपर्यंत आहे तिथे भिंतीवर खडूने रेघ मारा. उन्हाने रोज थोडं उडणारच, त्याच्यापेक्षा जास्त उतरलं तर ते कुठेतरी चाललंय. एका भागात कपड्याची नीळ घाला, खाली निळसर डाग आला की चोर सापडला. सगळी गच्ची एकदम भरली तर खाली गळतं हे कळेल, पण कुठून ते परत नाही कळणार, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो. चांगल्या स्लॅबला काही नाही होत. पण खालून सळ्या उघड्या पडल्या असतील, स्लॅब वाकलेला दिसत असेल तर ही टेस्ट करूच नका, आधी स्ट्रक्चरल ऑडिट. आणि टेस्ट चालू असताना त्या भागाच्या खालची खोली रिकामी, तिथली लाईट बंद.

बाथरूमचं असेल तर पद्धत तीच, नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी जायचं तोंड) बंद करून पाणी भरायचं. नव्वद टक्के वेळा ट्रॅपच्या भोवती असतं, फरशी बदलून काही होत नाही. जुन्या इमारतीत भिंतीत जीआय (लोखंडी) पाईप असतील तर ते गंजून फुटलेले असणारच, ते शोधत बसण्यापेक्षा सगळी लाईन बंद करून बाहेरून नवीन लाईन टाका. दिसायला बरं नाही दिसत. पण पुढच्या वेळी गळलं तर डोळ्याला दिसतं.

जागा सापडली की दुरुस्ती तशी अवघड नाही. कोबा जागोजागी पोकळ वाजत असेल (हातोडीचा दांडा आपटत फिरा, ढबढब आवाज येतो) आणि आत पाणी भरलं असेल तर जुना कोबा पूर्ण स्लॅबपर्यंत काढायचा. पूर्ण. यावर भांडण होतंच कारण काढायला मजूर लागतात, मलबा खाली न्यावा लागतो, खाली पेशंट, धूळ, आवाज, आणि वर नवीन थर टाकणं सोपं. पण साडेचार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे जातो. एकावर एक असे दोन-तीन थर झालेल्या गच्च्या मी बघितल्या आहेत, स्लॅब बिचारा डिझाईन झाला तेव्हा एकच थर धरलेला. वर परत गच्चीची लेव्हल वाढते, पाईपची तोंडं खड्ड्यात जातात, जिन्याच्या दाराचा उंबरठा गच्चीच्या खाली जातो आणि मग पाणी जिन्यावरून उतरायला लागतं. वर सांगितलेल्या रुग्णालयात तिसऱ्या वर्षी नेमकं हेच झालं होतं.

नवीन कोबा करताना ढाळ शंभराला एक तरी पाहिजे, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर, आणि तो पाईपकडे पाहिजे हे वेगळं सांगावं लागतं. लेव्हल पाईप घेऊन स्वतः उभं राहून बघा, गवंड्याच्या डोळ्यावर सोडू नका. वाटा पॅरापेटवर फूटभर तरी चढवा. आणि पाणी मारणं! एप्रिलच्या उन्हात कोबा केला आणि दोन दिवसांनी ठेकेदाराचा माणूस गायब, तिसऱ्या दिवशी बारीक तडे, सातव्या दिवशी ते तडे सिमेंटच्या पाण्याने झाकले, जूनमध्ये गळती. आळी करून दहा-बारा दिवस पाणी उभं ठेवायचं. दवाखान्यात पाण्याचीच टंचाई असते उन्हाळ्यात, डायलिसिसला पाणी नाही आणि तुम्ही गच्चीवर ओतताय असं ऐकावं लागतं, म्हणून काम शक्यतो डिसेंबर-जानेवारीत बसवा, विहिरीला पाणी असतं आणि ऊन पण बेताचं.

पत्र्याच्या शेडबद्दल विचारतात. कोकणात ती चालते, मी तिच्या विरोधात नाही. पण पन्हाळ नीट नसेल तर शेडचं सगळं पाणी एकाच कोपऱ्यात पडतं, वाऱ्यात पत्रे उडतात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे शेड झाली की वर्षभरात खाली भंगाराचं गोडाऊन होतं. ज्यांना ते आवरता येईल त्यांनी करावी.

आता खालची बाजू. पाणी थांबवल्याशिवाय खालून हात लावायचा नाही, हे आधी. पाणी थांबलं, छत वाळलं, मग बघा सळ्यांची काय अवस्था आहे. चांगलं काँक्रीट अल्कलाईन असतं, पीएच १२ च्या पुढे, त्यात लोखंड सुखाने राहतं. पाणी आणि हवा वर्षानुवर्षं आत जात राहिली की ते अल्कलाईनपण कमी होतं, सळई गंजायला लागते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीटला ढकलतो. म्हणून आधी छताला सळईच्या रेषेत तडा, मग फुगवटा, मग एक दिवस पोपडा खाली. तो पोपडा म्हणजे चुना नाही, ते सिमेंट काँक्रीट आहे, वीतभर तुकडा पण डोक्यात पडला तर माणूस जागेवर राहणार नाही. म्हणून फुगवटा दिसला त्याच दिवशी खालची खाट हलवा, निधी-बिधी नंतर बघू. लांब बांबूने ठोकून सुटं झालेलं पाडून टाका, खाली कोणी नसताना.

बहुतेक ठिकाणी काय करतात, गंजलेल्या सळईवर तसंच सिमेंटचं प्लास्टर आणि वर ऑइलबाँड रंग. दोन पावसाळे. नीट करायचं तर सळईच्या मागे बोटभर जाईल एवढं काँक्रीट फोडायचं, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधक कोटिंग, मग पॉलिमर मोर्टार थरांमध्ये. सळई घासल्यावर बारीक झालेली दिसली, मूळच्या पाचव्या भागाएवढी जरी कमी झाली असेल, तर प्लास्टरवाल्याला थांबवा, खाली टेकू द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. इथे अंदाज नको.

विजेचं वेगळं सांगतो कारण हे कोणाचंच नसतं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूत आग लागून अकरा पेशंट गेले. या आगी गळतीमुळे लागल्या असं मी म्हणत नाहीये, अजिबात नाही. त्यानंतर सगळीकडे फायर ऑडिट, इलेक्ट्रिकल ऑडिटची धावपळ झाली, लाल सिलिंडर भिंतीला लागले, चांगलं झालं. पण छतातून आलेलं पाणी वायरिंगच्या पाईपमधून डीबीत (विजेच्या वितरण पेटीत) उतरतं याकडे कोण बघतं? स्थापत्यवाले म्हणतात विद्युत शाखेचं काम, विद्युतवाले म्हणतात आधी गळती थांबवा. पावसात आरसीसीबी (करंट बाहेर गेला की लाईट तोडणारा स्विच) सारखा-सारखा पडायला लागला की वायरमन लोकांचा जुगाड म्हणजे तो बायपास करून टाकायचा, "साहेब, ओटी चालू होती, काय करणार". तो ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी पडतोय म्हणजे कुठेतरी करंट बाहेर चाललाय, तो तुम्हाला गळतीच सांगतोय, पाण्याची नाही तर विजेची. बायपास केलेला दिसला तर त्याच दिवशी काढायला लावा आणि तो ओला पॉइंट वरून कट करा. लाईट उघड्या पीव्हीसी पट्टीतून भिंतीवरून घ्या, स्लॅबमधली लाईन सोडून द्या. भूल द्यायचं बॉइल्स मशीन, बाळांचा वॉर्मर, सक्शन मशीन गळत्या भिंतीच्या प्लगवर लावू नका, एवढं तरी सिस्टर लोकं स्वतः करू शकतात.

कागदाचं आता. यात जास्त वेळ नाही घेत पण याच्याशिवाय वरचं सगळं वाया आहे.

आधी इमारत कोणाची ते बघा. उपकेंद्र, पीएचसी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. नवीन विंग वेगळ्या निधीतून झाली असेल तर ती हस्तांतरित झाली का ते बघा, बऱ्याच इमारती वापरात असतात आणि कागदावर अजून कोणाच्याच नसतात. मग काम दोष दायित्व कालावधीत आहे का ते करारनाम्यात बघा. असेल तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं, त्याची अनामत अडकलेली असते, पण त्यासाठी तक्रार त्या कालावधीत, लेखी, जावक नंबरासकट गेलेली पाहिजे. ऑगस्टमध्ये फोन केला होता हो, असं नाही चालत. मी स्वतः नोकरीत असताना असे फोन घेतले आणि विसरलो आहे, खोटं कशाला बोलू.

पत्रात "इमारतीस गळती असून दुरुस्ती होणेस विनंती" एवढंच लिहिलंत तर ते फाईलला लागतं आणि तिथेच राहतं. वहीतल्या नोंदी जोडा, फोटो तारखेसकट, कोणत्या खोलीत, किती दिवस ओटी बंद होती, किती पेशंट रेफर केले. हा शेवटचा आकडा कलेक्टर साहेबांच्या मीटिंगमध्ये बोलतो. आणि "वॉटरप्रूफिंग करून मिळावे" असं मागू नका, तसं मागितलं की तेच मिळतं, नवीन थर. "पाणी चाचणी करून गळतीचे मूळ शोधून अंदाजपत्रक सादर करावे" असं मागा.

आणि वेळ. सगळ्यांचं चुकतं ते इथे. गळतीचं पत्र जुलैत जातं, पावसात कोणी येत नाही, दिवाळीत सगळे विसरतात, जानेवारीत जिल्हा नियोजनचा निधी खर्च करायची घाई, फेब्रुवारीत अंदाजपत्रक जुन्याच मापांवर, मार्चअखेर वर्क ऑर्डर, ठेकेदार एप्रिल-मेमध्ये उगवतो, ७ जूनला मृग. काम अर्धवट फोडलेल्या गच्चीवर पहिला पाऊस. त्यापेक्षा वही जून ते सप्टेंबर, टेस्ट ऑक्टोबर, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता नोव्हेंबरच्या आत, मग निधी कुठूनही आला तरी कागद तयार असतो आणि तयार कागदालाच निधी मिळतो, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही पण तसंच आहे. पाईपची तोंडं, जाळ्या, बॉल व्हॉल्व, वाट्याची डागडुजी असली फुटकळ कामं अनटाइड फंडातून (दवाखान्याला गरजेप्रमाणे वापरता येणारा निधी) नाहीतर रुग्ण कल्याण समितीत ठराव घेऊन लगेच करता येतात, त्यासाठी पीडब्ल्यूडीची वाट बघायची गरजच नाही. आणि निर्लेखनाची समिती बसवा. गळतीच्या पोस्टमध्ये हा विषय कुठून आला असं वाटेल, पण त्या रुग्णालयात गच्ची मोकळी व्हायला जे अडलं होतं ते एका क्लार्कच्या टेबलावर अडलं होतं, केमिकलवाल्याकडे नाही.

तिथलं काय झालं शेवटी, तर भंगार गेलं, जुना आणि नवा दोन्ही कोबे काढले, सोलर ठोकळ्यांवर आला, पाईपची तोंडं मोकळी झाली आणि आणखी एक पाईप वाढवला. लेबर रूम कोरडी आहे. आता तिथल्या मॅडमनी या आठवड्यात फोटो पाठवलाय, जिन्याच्या वरच्या खोलीच्या भिंतीला ओल दिसतेय, वाऱ्याचा पाऊस असला की येते म्हणतात. मी त्यांना वेळ लिहून ठेवायला सांगितलंय, ऑक्टोबरला जाऊन बघेन.